कापलेले गवत आणि मातीतले बी : एचआयव्ही रक्तातून गेला, तरी शरीरातून का जात नाही?

जून २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने लेनाकापाविर या इंजेक्शनला एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी मान्यता दिली. ज्यांना लागण झालेली नाही, पण होण्याचा धोका आहे, अशांनी ते वर्षातून दोन वेळा घेतले तर लागण जवळजवळ पूर्णपणे टळते. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. बातमी खरोखर मोठी आहे. मात्र फिरत फिरत ती पुण्यातल्या मोबाइलवर पोहोचली तेव्हा ‘एड्सवर इंजेक्शन निघाले’ एवढेच तिचे रूप उरले होते, आणि ज्यांना आधीच लागण झालेली आहे अशा अनेकांनी ती स्वतःसाठी आहे असे समजून वाचली.

मी एका एआरटी केंद्रात समुपदेशनाच्या कामाला हातभार लावते. एआरटी म्हणजे विषाणूची वाढ रोखणारे, रोज घ्यायचे औषध. ही बातमी आल्यानंतरच्या एका सोमवारी हडपसरहून येणारे एक रिक्षाचालक माझ्यासमोर बसले. त्यांनी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीचा, कागद उलगडून टेबलावर ठेवला, गोळ्यांची पांढरी बाटली त्याच्यावर वजनासारखी ठेवली आणि विचारले, “ताई, मशीनलाच सापडत नाही म्हणजे तो गेलाच ना? मग रोज गोळी कशाला? आता इंजेक्शन घेऊन मोकळे होऊ द्या.” कागदावर ‘आढळला नाही’ असेच छापलेले होते. त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. जगभरच्या प्रयोगशाळांनी तीस वर्षे ज्याचा पाठपुरावा केला तोच हा प्रश्न आहे, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर माणसांकडून नव्हे, माकडांकडून मिळाले आहे.

विषाणू पेशीत शिरून काय करतो

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सीडी-फोर नावाच्या पेशी असतात. संसर्गाशी लढताना बाकीच्या पेशींना कामाला लावणे हे त्यांचे काम. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो. शिरल्यावर तो आपल्या जनुकीय मजकुराची डीएनएच्या भाषेत उलटी नक्कल करतो आणि ती नक्कल पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये चिकटवून टाकतो. दस्तऐवजांच्या जाड बाडात कोणीतरी मधेच एक पान शिवून टाकावे तसे हे आहे. त्यानंतर ते पान त्या बाडाचाच भाग होते. पेशी दुभंगली की त्या पानाचीही प्रत निघते.

बहुतेक पेशींत हे पान लगेच वाचले जाते, पेशी विषाणू तयार करण्याचा कारखाना बनते आणि काही दिवसांत मरते. पण थोड्या पेशी वेगळ्या वाटेने जातात. एखाद्या संसर्गाची आठवण जपून ठेवण्यासाठी काही सीडी-फोर पेशी वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहतात; गोवरची लस दीर्घकाळ पुरते त्यात अशा दीर्घायुषी पेशींचाही वाटा असतो. पेशी स्वस्थ झाली की तिच्या डीएनएतली बहुतेक पाने मिटलेली राहतात, आणि विषाणूचे पानही त्यांच्यासोबत मिटते. यालाच सुप्तावस्था म्हणतात.

एआरटीची औषधे विषाणूला त्याच्या कामाच्या वेळी गाठतात. उलटी नक्कल करताना एक औषध अडवते, नक्कल चिकटवताना दुसरे. जो काहीच करत नाही त्याला अडवायचे कुठे? मिटलेल्या पानावर औषधाला पकडायला जागाच नसते, आणि अशी पेशी बाहेरून निरोगी पेशीसारखीच दिसत असल्याने आपली प्रतिकारशक्तीही तिच्याजवळून निघून जाते.

गाजर गवताचे बी

पुणेकरांना हे समजायला दूर जावे लागत नाही. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याची भारतातली पहिली ठळक नोंद १९५५ साली पुण्यातच झाली. आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते. उन्हाळ्यात मोकळा प्लॉट साफ करून घेतला, एकही हिरवी काडी दिसत नाही, आणि जूनच्या दुसऱ्या सरीनंतर आठवड्याभरात तोच प्लॉट पुन्हा हिरवागार झालेला असतो, हे मुठा कालव्याच्या कडेला राहणाऱ्या कोणीही पाहिलेले आहे. एकेका झाडाचे हजारो बी मातीत पडलेले असते. कापणी झाडांची होते, बियांची होत नाही.

व्हायरल लोडची चाचणी वर आलेले गवत मोजते. गोळी ते गवत वाढू देत नाही. मातीतले बी मात्र दोन्हींच्या आवाक्याबाहेर राहते. १९९७मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी, नियमित उपचार घेणाऱ्या आणि रक्तात विषाणू न दिसणाऱ्या माणसांच्या विश्रांत पेशी प्रयोगशाळेत जागवल्या, तेव्हा त्यांतून जिवंत विषाणू बाहेर आला. अशी पेशी साधारण दहा लाख विश्रांत पेशींत एखादीच सापडते. तरीही हा साठा अर्धा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात असे पुढे मोजले गेले, आणि त्या हिशेबाने तो पूर्ण संपायला ७० वर्षांहून अधिक काळ लागेल. गोळी आयुष्यभराची का, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

या साठ्याविषयी आणखी दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे डीएनएत चिकटलेल्या बहुसंख्य प्रती सदोष असतात, शेतकऱ्याच्या भाषेत पोचट बी. त्या कधीच उगवत नाहीत. त्यामुळे नुसत्या प्रती मोजून साठा किती मोठा आहे हे ठरवता येत नाही. दुसरी अधिक चिवट आहे. सुप्त पेशी स्वतःच्या गरजेने दुभंगते तेव्हा विषाणू जागा न होताही त्याची एक प्रत वाढते. लव्हाळा जसा फुलावर न येता जमिनीखालच्या गाठींनीच पसरतो, तसा हा साठा गोळ्या चालू असतानाही स्वतःला टिकवून धरतो.

हे माकडांत का शोधावे लागले

माणसाला लागण नक्की कोणत्या दिवशी झाली हे जवळजवळ कधीच ठाऊक नसते. तपासणी होते तोवर आठवडे, बहुधा वर्षे उलटलेली असतात. मग बी मातीत पडले कधी, हे माणसात पाहायचे कसे?

१९८५ साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड येथील प्राणी संशोधन केंद्रात आजारी ऱ्हीसस माकडांमध्ये एचआयव्हीचा जवळचा नातेवाईक सापडला. त्याला एसआयव्ही म्हणतात, म्हणजे माकडांतला प्रतिकारक्षमता घटवणारा विषाणू. ऱ्हीसस हे आशियातले, आपल्याकडचेच माकड. हा विषाणू त्याचा नव्हता. तो आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे जातीच्या माकडांकडून, बंदिवासात, अपघाताने त्यांच्यात आला होता. ऱ्हीससमध्ये मात्र त्याने अगदी एड्ससारखा आजार घडवला: सीडी-फोर पेशी घटत जाणे, एरवी निरुपद्रवी असणाऱ्या जंतूंचे संसर्ग, शेवटी मृत्यू. माणसात उपचाराविना ज्याला साधारण दहा वर्षे लागतात, ते या माकडांत बहुधा एक-दोन वर्षांत घडते.

एचआयव्ही थेट ऱ्हीससला लावता येत नाही, कारण त्याच्या पेशींतले एक प्रथिन तो विषाणू आत येताच मोडून काढते; हे २००४मध्ये कळले. म्हणून संशोधक एसआयव्ही वापरतात, किंवा दोन्हींचे भाग जोडून तयार केलेला संकरित विषाणू. मग लागणीचा दिवस, विषाणूची मात्रा, शिरण्याचा मार्ग आणि उपचार सुरू होण्याची घटका, सगळे ठाऊक असते. आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-फोर पेशींचा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच फडशा पडतो, हे १९९८मध्ये असेच माकडांत आधी दिसले आणि मग माणसांत तपासले गेले.

तीन दिवसांचा प्रयोग

या सगळ्या संशोधनातला एक प्रयोग मला विसरता येत नाही. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २० ऱ्हीसस माकडांना एसआयव्हीची लागण केली. चार-चार माकडांच्या गटांना तिसऱ्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी उपचार सुरू केले. उरलेल्या चारांना दिले नाहीत. तिसऱ्या दिवशी उपचार मिळालेल्या माकडांच्या रक्तात विषाणू एकदाही दिसला नाही. त्यांच्या शरीराने विषाणूविरुद्ध लढण्याची तयारीही केली नव्हती, कारण लढायला काही आहे हे शरीराला कळलेच नव्हते. २४ आठवडे उपचार चालले आणि मग थांबवण्यात आले.

विषाणू सगळ्या माकडांत परत आला. उशिरा उपचार मिळालेल्यांत साधारण सात दिवसांत, तिसऱ्या दिवशी मिळालेल्यांत साधारण एकवीस दिवसांत, पण आला. रक्तात एकही विषाणू दिसण्यापूर्वीच लसीका गाठींत आणि आतड्यांत बी पडून गेले होते. गवत उगवण्याची वाट पाहून मग कापणाऱ्याला उशीरच झालेला असतो, आणि इथे तर गवत उगवूही दिले नव्हते.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या एका मुलीची बातमी आली. २०१०मध्ये जन्मानंतर सुमारे ३० तासांत तिला उपचार सुरू झाले होते, दीड वर्षाच्या आसपास ते थांबले, आणि त्यानंतर २७ महिने विषाणू दिसला नव्हता. जग तिला बरे झालेले बाळ म्हणू लागले होते. तिच्यातही तो परत आला. पुढे थायलंडमध्ये, लागणीच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात उपचार मिळालेल्या आठ जणांनी देखरेखीखाली औषध थांबवून पाहिले. आठही जणांत विषाणू परतला. अर्ध्यांत तर २६ दिवसांच्या आत. माकडांनी जे सांगितले होते तेच माणसांनी पुन्हा सांगितले.

त्यानंतर संशोधकांनी एक विलक्षण युक्ती केली. त्यांनी एसआयव्हीचे जवळजवळ दहा हजार प्रकार असे तयार केले की बाकी सगळे सारखे, फक्त प्रत्येकाच्या जनुकात दुकानातल्या बारकोडसारखी वेगळी खूण. जणू प्रत्येक बीवर क्रमांक रंगवला. औषध थांबल्यावर कोणत्या क्रमांकाचे बी उगवले, किती उगवली, किती दिवसांनी उगवली, हे आता मोजता येते. माणसात हे करणे अशक्य आणि अनैतिक दोन्ही आहे.

साठा लपतो कुठे

रक्तात दिसतो तो साठ्याचा लहानसा भाग. मोठा भाग लसीका गाठींत असतो, म्हणजे पायाला जखम चिघळली की जांघेत ज्या सुजतात आणि आपण अवधाण आले म्हणतो, त्या गाठींत. या गाठींच्या आत काही गोलाकार कप्पे असतात. विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या मारक पेशींचा तिथे फारसा शिरकाव होत नाही. जी माकडे औषधाविनाही विषाणूला काबूत ठेवतात, त्यांच्याही या कप्प्यांत तो वाढत राहतो, हे २०१५मध्ये दिसले. आतड्याची भिंत हे दुसरे ठिकाण. मेंदूतल्या भक्षक पेशी हे तिसरे, आणि जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून पाहता येत नसल्याने त्याविषयी जे कळते ते बहुतांशी माकडांमुळेच.

मग सिंहगडावरच्या माकडांपासून धोका आहे का?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, म्हणून स्पष्ट लिहिते: नाही. एसआयव्ही निसर्गतः फक्त आफ्रिकेतल्या वानरवर्गीय प्राण्यांत आढळतो. पुणे दरवाज्यापाशी हातातले कणीस हिसकावून तटावर जाऊन बसणारे लाल तोंडाचे माकड असो, की काळ्या तोंडाचे लांब शेपटीचे वानर, आपल्याकडच्या रानातल्या माकडांत तो नाही. माकड चावले तर भीती रेबीजची असते. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

माणसातला एचआयव्ही मात्र मूळचा तिकडच्या प्राण्यांतूनच आला, हे खरे आहे. जगभर पसरलेला एचआयव्ही-१ मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींकडून, आणि पश्चिम आफ्रिकेत आढळणारा एचआयव्ही-२ त्याच सूटी मँगाबेकडून. शिकारीत रक्ताशी संपर्क येऊन तो माणसात शिरला असावा आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पसरू लागला, असा जनुकांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

सूटी मँगाबेची गोष्ट आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, तरी तो सहसा आजारी पडत नाही. आफ्रिकेतल्या माकडांशी या विषाणूचा सहवास किमान ३२,००० वर्षांचा आहे. इतक्या काळात या माकडांनी विषाणूला हुसकले नाही. लागणीनंतर काही आठवड्यांत त्यांची प्रतिकारशक्ती शांत होते, आतड्याची भिंत शाबूत राहते, आणि ज्या दीर्घायुषी पेशी गमावणे परवडणारे नसते त्यांच्यावर विषाणूला आत येण्याची कडी, म्हणजे आत शिरताना तो ज्याला धरतो ते प्रथिन, कमी असते. एड्समध्ये शरीर जे झिजते ते मोठ्या प्रमाणात प्रतिकारशक्तीच्या न थांबणाऱ्या खवळण्याने झिजते, ही समज या निरोगी माकडांकडे पाहूनच पक्की झाली.

माकडात चालले, ते माणसात चालेलच कशावरून?

आक्षेप रास्त आहे. संकरित विषाणूविरुद्ध माकडांत आश्वासक ठरलेल्या पद्धतीची एक लस माणसांच्या चाचणीत २००७मध्ये निष्फळ ठरली आणि चाचणी थांबवावी लागली. २०१६मध्ये एका प्रतिपिंडाने माकडांत औषध थांबल्यावरही विषाणू दबून राहतो असे प्रसिद्ध झाले, जगभर आशा पसरली, आणि २०१९मध्ये इतर गटांना तोच प्रयोग करून तो परिणाम मिळाला नाही. पुण्यातही २००५मध्ये, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत देशातली पहिली एड्स लसचाचणी सुरू झाली होती. ती लसही वापरात आली नाही.

दुसरी बाजूही आहे. टेनोफोविर हे औषध माकडांना एसआयव्हीच्या लागणीपासून वाचवते हे १९९५मध्ये दिसले. आज आपल्या केंद्रांतून मिळणाऱ्या रोजच्या एका गोळीत तेच टेनोफोविर असते. माझ्या मते माकडातल्या निकालाकडे दोन प्रकारे पाहावे: ‘हा उपाय चालतो’ असे माकड सांगते तेव्हा थांबून माणसातली चाचणी पाहावी, ‘विषाणू असा वागतो’ असे सांगते तेव्हा मात्र त्याचे म्हणणे आजवर बरेच खरे ठरले आहे.

बी उगवू द्या, मग मोडा

पेरणीआधी रान भिजवायचे, वाफसा आला की तण उगवू द्यायचे आणि ते दोन पानांवर असतानाच कुळवाची पाळी घालून मोडायचे, ही शेतकऱ्याची जुनी रीत आहे. सुप्त विषाणूवरही हाच विचार चालू आहे: औषधाने झोपलेल्या पेशी जाग्या करायच्या, आणि नवी लागण गोळ्यांनी रोखून धरत जाग्या झालेल्या पेशी संपवायच्या. २०२०च्या जानेवारीत उपचाराखालच्या माकडांत पूर्वीपेक्षा खूप ठळकपणे विषाणू जागा करून दाखवण्यात आला. पाळी घालण्याचा भाग मात्र अजून जमलेला नाही. जाग्या झालेल्या पेशी हव्या तितक्या मरत नाहीत. मारक पेशी काढून टाकल्यावर गोळ्या चालू असतानाही माकडांच्या रक्तात विषाणू वर येतो, हे २०१६मध्ये दिसले होते. म्हणजे विषाणूला झोपवून ठेवण्यात त्याच पेशींचा हात आहे. जागवायचे आणि मारायचे, दोन्ही एकाच वेळी का अवघड आहे ते यावरून कळते. काही गट उलट विचार करतात, की बी उगवूच नये असे जाड आच्छादन घालावे.

बर्लिनचा रुग्ण बरा झाला, मग सगळे का नाही?

टिमोथी रे ब्राउन यांना, म्हणजे ‘बर्लिनचा रुग्ण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला, एचआयव्हीबरोबरच रक्ताचा कर्करोग होता. २००७ आणि २००८मध्ये त्यांना ज्या दात्याच्या मूळपेशी दिल्या, त्याच्या पेशींवर विषाणूला लागणारी कडीच जन्मतः नव्हती. ते २०२०मध्ये कर्करोगाने गेले, पण एचआयव्ही परतला नव्हता. असे मोजकेच रुग्ण आहेत. हे सारे रान जाळून नवी माती भरण्यासारखे आहे. या उपचारात माणसे दगावतात, म्हणून कर्करोगासारखे कारण असल्याशिवाय तो कोणावर करणे योग्य नाही.

आणि त्या माकडांचे काय?

ज्या २० माकडांविषयी वर लिहिले, ती स्वतःहून तिथे गेली नव्हती. मी हनुमान जयंतीला मारुतीला रुईची माळ घालणाऱ्या घरात वाढले आहे, आणि हे लिहिताना मला अवघडल्यासारखे होते. या संशोधनात भारतीय वंशाच्या ऱ्हीससचा मोठा वाटा आहे. १९७८मध्ये आपण माकडांची निर्यात बंद केल्यावर परदेशातल्या केंद्रांनी तिथेच त्यांची पैदास चालू ठेवली. पुण्याचाही माकडांशी असा संबंध आहे. १९५७मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली तेव्हा त्यामागचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधला, आणि २०२०मध्ये त्याच संस्थेत २० ऱ्हीसस माकडांवर कोव्हॅक्सिन तपासली गेली. पेशींवर किंवा संगणकावर जे कळू शकते त्यासाठी माकड वापरू नये असे मला ठामपणे वाटते. पण पूर्ण शरीरात, आतड्यापासून मेंदूपर्यंत विषाणू कुठे दडतो हे ताटलीतल्या पेशी सांगू शकत नाहीत, आणि देशात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत असताना तो शोध थांबवावा असेही मला म्हणवत नाही.

त्या सोमवारी मी रिक्षाचालकांना कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या: वर गवत, खाली बी. गोळी थांबली तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत गवत परत येते, आणि मधेच गोळ्या चुकवत राहिले तर औषधाला न जुमानणारे गवत येऊ शकते, हे सांगितले. नवे इंजेक्शन ज्यांच्या जमिनीत बी पडलेलेच नाही त्यांच्यासाठी आहे, हेही. त्यांनी बराच वेळ त्या खालच्या रेघेकडे पाहिले. मग आवाज खाली आणून विचारले, “आणि घरी मंडळींना?”

याचे उत्तर द्यायला मला फार बरे वाटते. उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासातून २०११मध्ये सिद्ध झाले, आणि त्या नऊ देशांतल्या केंद्रांमध्ये आपले पुणेही होते. पुढच्या अभ्यासांनी आणखी स्पष्ट केले की गोळ्या नियमित चालू आहेत आणि रक्तात विषाणू सापडत नाही, तोवर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. मातीतले बी कुंपण ओलांडत नाही. ओलांडते ते उगवलेल्या गवताचे.

त्यांनी बाटली उचलली, कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि मोबाइलमधला रात्री नऊचा गजर चालू आहे ना, ते एकदा उघडून पाहिले.